जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी : ख्रिस्ती विवेकाचा सराव कसा करावा

विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मूलभूत सद्गुण धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण पाठ केलेले असतात. न्यायाची आणि संयमाची आठवण पुढे कोणी ना कोणी करून देत राहते. विवेकाच्या वाट्याला मात्र फारसे कोणी जात नाही. त्यामुळे विवेक म्हणजे जपून राहणे, कोणाच्या भानगडीत न पडणे आणि चार पैसे गाठीला ठेवणे, असा समज रूढ होतो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने विवेकाला इतर सद्गुणांचा सारथी म्हटले आहे (परिच्छेद १८०६), आणि सारथी काही रथ उभा करून ठेवण्यासाठी नेमलेला नसतो. प्रत्यक्ष प्रसंगात खरे हित कोणते हे ओळखणे, ते साधण्याचा योग्य मार्ग निवडणे आणि त्या मार्गाने चालू लागणे, एवढे सगळे विवेकात येते. त्याचा सराव कसा करावा, हे येथे एका ओळखीच्या प्रसंगाच्या आधारे मांडले आहे : जवळच्या माणसाने पतपेढीच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ घालणे.

हा प्रसंग मुद्दाम निवडला आहे, कारण त्याबाबत पवित्र शास्त्रात दोन्ही बाजूंची वचने सापडतात. नीतिसूत्रांचा ग्रंथ जामीन राहणाऱ्याला वारंवार सावध करतो. बाविसाव्या अध्यायात तर फेडायला काही नसले तर अंगाखालचे अंथरूणही जाईल, असे बजावले आहे. दुसरीकडे डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो, की उसने मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नका. येशूच्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याने, जखमी वाटसरूला उतारशाळेत सोडताना, तिच्या मालकाला जे सांगितले, की याहून अधिक खर्च झाला तर परत येताना मी भरीन, तोही एका अर्थी जामीनच होता. संत पौलाने तर अनेसिम या दासासाठी त्याचा धनी फिलेमोन याला लिहिताना, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, असे स्वहस्ते लिहून दिले. कॅथलिक बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथात, एकोणतिसाव्या अध्यायात, या दोन्ही टोकांची सांगड घातलेली दिसते : शेजाऱ्याला ऐपतीप्रमाणे मदत करावी, पण आपण स्वतः कोसळणार नाही याची खबरदारी घ्यावी. आता आपली ऐपत नेमकी किती, हा शेजारी कोण, त्याची गरज कशी आहे आणि खबरदारी कोणती, हे कोणतेही वचन आपल्याला आयते सांगत नाही. सोयीचे वचन उचलून निर्णयावर चिकटवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि तिच्यामुळे विवेकाचे काम सुरू होण्याआधीच संपते.

मध्ययुगातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी विवेकाची तीन कामे सांगितली आहेत : आधी विचारविनिमय, मग निर्णय आणि शेवटी तो अमलात आणण्याची मनाला दिलेली आज्ञा. या तिन्हींत तिसरे काम मुख्य, असे त्यांचे म्हणणे आहे. हे वाचून बरेच जण चकित होतात. पुष्कळ विचार करणारा, सगळ्या बाजू तोलणारा, पण ऐन वेळी पाय मागे घेणारा माणूस आपल्याला विवेकी वाटतो; थॉमस यांच्या मते त्याच्या विवेकाचा महत्त्वाचाच भाग अपुरा राहिलेला असतो.

विचारविनिमय : घाई इथे नको

पहिले काम म्हणजे समोरच्याला त्याच ठिकाणी उत्तर न देणे. जामीन राहण्याची विनंती बहुधा अशा वेळी येते, जेव्हा नाही म्हणणे जड जाते : मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात किंवा चुलतभाऊ छापील अर्ज हातात घेऊन थेट घरी आला असता, घरच्यांसमक्ष. अशा वेळी “दादा, मला चार दिवस दे, रविवारी नक्की सांगतो,” एवढे शांतपणे म्हणता आले पाहिजे. दिवस ठरवून सांगणे आवश्यक आहे. “बघू, विचार करतो,” हे उत्तर नम्र वाटते, पण त्याने समोरचा माणूस आशेवर टांगून राहतो आणि आपणही पळवाट मोकळी ठेवतो. भीड भिकेची बहीण, असे आपले जुने लोक म्हणत आले, ते उगीच नव्हे.

मिळालेल्या दिवसांत प्रार्थना आणि चौकशी या दोन्ही गोष्टी कराव्यात, आणि एकीच्या नावाखाली दुसरी टाळू नये. या बाबतीत नहेम्यापेक्षा चांगला गुरू शोधून सापडणार नाही. शूशन राजवाड्यात पारसाच्या राजाचा प्यालेबरदार असताना त्याला यरुशलेमेचा कोट (तटबंदी) पडल्याची वार्ता किसलेव महिन्यात कळली. तो रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. पण राजाशी तो बोलला नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. राजाने, तुला काय हवे, असे विचारताच त्याने मनातल्या मनात स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि लगेच नेमकी मागणी मांडली : किती काळ लागेल ते सांगितले, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रे मागितली, राजवनाचा रक्षक आसाफ याच्याकडून लाकूड मिळावे म्हणून वेगळे पत्र मागितले. चार महिने तो केवळ अश्रू ढाळत बसला नव्हता, हे या मागण्यांवरूनच दिसते. यरुशलेमेला पोहोचल्यावरही तो तीन दिवस गप्प राहिला आणि मग रात्री, मोजकी माणसे बरोबर घेऊन, कोणालाही न सांगता पडलेला कोट आणि जळालेल्या वेशी स्वतः पाहून आला. काम सुरू झाले तेव्हा मात्र ५२ दिवसांत कोट पूर्ण झाला. मधल्या काळात शत्रू चालून येणार अशी खबर आली, त्या वेळी लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. सल्लामसलत सावकाश, अंमलबजावणी झटपट, हा जो नियम थॉमस यांनी ॲरिस्टॉटलकडून घेतला आहे, त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

रात्री कोट पाहून येणे म्हणजे आपल्या प्रसंगात काय? पहिली गोष्ट, अर्ज स्वतः वाचणे. पतपेढीच्या अर्जात जामीनदाराचा मजकूर बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत असतो आणि सहीच्या जागी आधीच पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली असते, त्यामुळे नजर थेट फुलीवर जाते. वरचा मजकूर वाचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. “आधी त्याच्याकडून वसूल करतील, मग माझ्याकडे येतील,” हा समज चुकीचा आहे. पतपेढी सरळ जामीनदाराकडे येऊ शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो तेव्हा त्यात कर्जदाराबरोबर जामीनदाराचेही नाव असू शकते. पगारातून कपात करून घेण्याचे संमतिपत्र अर्जाला जोडले आहे का, हेही पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, कर्ज मागणाऱ्याशी मोकळेपणाने बोलणे : रक्कम किती, मुदत किती, मासिक हप्ता किती, आधीची कर्जे कोणती, आणि एखाद्या महिन्याचे उत्पन्न बुडाले तर हप्ता कुठून भरणार. हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा लूकच्या चौदाव्या अध्यायातला दाखला प्रभूने शिष्यत्वाविषयी बोलताना दिला खरा, पण हिशेबाला बसण्याची लाज वाटू नये, एवढे तरी त्यातून घेता येते.

तिसरी गोष्ट, सल्ला घेणे. विवेकाच्या बाबतीत कोणीही स्वतःपुरता पुरेसा नसतो, असे थॉमस सांगतात, आणि शिकण्याची तयारी हा विवेकाचाच एक घटक मानतात. त्यांनी असे आठ घटक दिले आहेत. मागच्या अनुभवांची प्रामाणिक आठवण, समोरच्या परिस्थितीची जाण, दूरदृष्टी, आजूबाजूचे भान आणि सावधगिरी ही त्यांतील काही नावे. आठवण प्रामाणिक हवी, यावर मी जोर देईन, कारण जुन्या प्रसंगांतील स्वतःची बाजू आपण हळूहळू उजळ करत जातो. सल्ला कोणाचा घ्यावा? सर्वांत आधी पतीने पत्नीचा आणि पत्नीने पतीचा. जोडीदारापासून लपवून केलेली सही हा विवेकाचा प्रश्न उरतच नाही, तो सरळ विश्वासघाताचा होतो. त्यानंतर हिशेब कळणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा, आणि मनात द्वंद्व असेल तर धर्मगुरूंचा किंवा पाळकांचा. शलमोन राजाचा मुलगा रहबाम याने गादीवर आल्यावर वडीलधाऱ्यांचाही सल्ला घेतला होता आणि बरोबरच्या तरुणांचाही; तरुणांचा सल्ला त्याच्या मनाजोगता होता म्हणून त्याने तो उचलला, आणि दहा वंशांचे राज्य हातचे गेले. आपल्याला हवे तेच सांगणारी माणसे गाठून मग “मी सगळ्यांना विचारले” असे म्हणणारे रहबाम आपल्यातही असतात.

निर्णय : अनोळखी माणसाची कसोटी

माहिती हाती आल्यावर निवाडा करायचा असतो. इथे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी सुचवलेली एक युक्ती फार उपयोगी पडते. ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, पण ज्याचे भले व्हावे असे आपल्याला वाटते, असा एक माणूस डोळ्यांसमोर आणावा. त्याचा पगार आपल्याइतकाच आहे, मुले आपल्या मुलांच्या वयाची आहेत आणि त्याच्यापुढे हाच अर्ज आला आहे. आपण त्याला काय सांगू? जे सांगू, तेच आपण करावे. ही कसोटी भिडेचा आणि रागाचा पडदा एकाच वेळी दूर करते. मरणाच्या घटकेला हा निर्णय कसा घेतलेला असावा असे मला वाटेल, असे स्वतःला विचारण्याचाही मार्ग त्यांनी सांगितला आहे. त्यातून भित्रेपणाचे नकार उघडे पडतात, कारण त्या घटकेला वाचवलेले पैसे फारसे मोठे दिसत नाहीत.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम : मन उदास आणि कोरडे पडले असताना, प्रार्थना नकोशी झाली असताना, आधी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. एखाद्या आध्यात्मिक साधनेहून परतल्यावर मन भरून आलेले असते आणि त्या भरात मोठमोठी वचने दिली जातात. त्या उमाळ्यात देवाचे काही असेल तर ते आठवडाभराने, हिशेबाच्या वहीसमोरही टिकून राहील.

निर्णय घेताना दोन गोष्टींची गल्लत टाळावी. एक, “देव पाहून घेईल,” या श्रद्धेच्या भाषेआडचा अविचार. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने शास्त्रवचनाचाच दाखला देऊन म्हटले होते, आणि देवाची परीक्षा पाहू नको, असे येशूने त्याला उत्तर दिले. घरातील शिक्षणाचा आणि औषधपाण्याचा पैसा धोक्यात घालून पुढचे देवावर सोपवणारा माणूस आपल्या श्रद्धेची किंमत मुलांकडून वसूल करत असतो. दुसरी गल्लत म्हणजे काळजीलाच विवेक समजणे. ऐहिक गोष्टींची अवाजवी काळजी ही थॉमस यांनी खोट्या विवेकाच्या प्रकारांत धरली आहे. ज्याच्याकडे सहज देण्याइतके आहे आणि समोरची गरज खरी आहे, त्याने “उद्याचे काय सांगावे” म्हणून हात आखडता घेतला, तर तो सावध असेल, विवेकी नव्हे.

साधने चांगली असण्याची अटही याच टप्प्यावर येते. जामीन राहायचे नसेल तर पगाराची पावती हरवल्याची थाप मारणे, आधीच दुसऱ्याला जामीन असल्याचे खोटे सांगणे किंवा नकाराचे खापर पत्नीवर फोडणे, हे सगळे मार्ग काम साधतात, आणि थॉमस त्यांना धूर्तपणा म्हणतात. लूकच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्याची त्याच्या धन्याने जी वाखाणणी केली, ती त्याच्या प्रसंगावधानाची होती. त्याची लबाडी अन्यायच ठरवली आहे. सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हा, या आज्ञेचा अर्धाच भाग पाळायचा झाला तर बहुतेक जण पहिला अर्धा पाळतात.

अंमलबजावणी : शब्द आणि वेळ

ठरलेल्या रविवारी, ठरलेल्या वेळी, आपणहून उत्तर द्यावे. फोन न उचलणे, चर्चमधून मागच्या दाराने निघून जाणे, तिसऱ्याकरवी निरोप पाठवणे, ही सगळी हयगय आहे, आणि हयगय हा विवेकाच्या विरुद्धचा दोष म्हणून प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापकबुली देताना, सांगण्यासारखा आहे. उत्तर एकट्यात, सरळ आणि थोडक्यात असावे. “दादा, कागद पाहिले, घरी बोललो. जामीन राहणे मला झेपणार नाही. पण वीस हजार रुपये मी देतो. ते परत आले तर ठीक, नाही आले तरी आपल्यात त्यावरून शब्द होणार नाही.” हे शेवटचे वाक्य मनापासून म्हणता येईल एवढीच रक्कम देऊ करावी, गमावण्याची तयारी नसलेली रक्कम उसनी दिली, की नात्यावर व्याज चढू लागते. नकाराची कारणे उलगडत बसू नये, कारण प्रत्येक कारणाला समोरच्याकडे उत्तर तयार असते आणि तासाभरात आपण पुन्हा पेन्सिलीच्या फुलीपाशी येऊन पोहोचतो.

उत्तर होकाराचे असेल तर तेही पूर्ण असावे. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी, कर्जखाते क्रमांक आणि हप्त्याची तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि दोन हप्ते थकले तर मला लगेच कळवायचे, असे कर्जदाराकडून आधीच कबूल करून घ्यावे. मग मात्र रोज मनात कुरकुरत बसू नये. विचारपूर्वक घेतलेला निर्णय क्षुल्लक कारणाने सोडून देणे हा चंचलपणा, आणि तोही विवेकाविरुद्धच्या दोषांत मोडतो.

वेळेचे भान कसे असावे हे अबीगईलकडून शिकावे. तिचा नवरा नाबाल याने दाविदाच्या माणसांचा अपमान केला आणि दावीद ४०० माणसे घेऊन निघाला, तेव्हा तिने सल्लामसलतीत वेळ दवडला नाही. २०० भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरे, हुरडा, मनुका आणि अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादून ती वाटेतच दाविदाला सामोरी गेली. घरी परतली तेव्हा नाबाल मेजवानीत झिंगलेला होता. त्या रात्री तिने त्याला अवाक्षरही सांगितले नाही, सकाळी तो शुद्धीवर आल्यावर सगळे सांगितले. एका प्रसंगी क्षणाचाही विलंब नाही आणि दुसऱ्या प्रसंगी रात्रभर मौन. विवेक म्हणजे नेहमी थांबणे, असे मानणाऱ्यांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय वाचावा. घरात पैशांचा विषय काढायचा असेल तर तो कोणत्या वेळी काढू नये, हेही त्यात आहे.

रोजचा सराव

मोठा प्रसंग येईपर्यंत थांबले तर विवेक अंगी बाणत नाही. रात्रीच्या प्रार्थनेत दिवसभरातील एकच निर्णय घ्यावा आणि त्याची तीन कामे तपासावीत : विचारले का, ठरवले का, केले का? प्रत्येकाचे अडखळण्याचे ठिकाण ठरलेले असते आणि काही आठवड्यांत ते दिसू लागते. उतावळ्या माणसाने पहिल्या कामाचा सराव करावा; धर्मग्रामातील (आपल्या चर्चच्या समाजातील) वादाचा संदेश मोबाइलवर येताच पुढे ढकलण्याऐवजी दुसरी बाजू ऐकून घेणे हा त्यासाठी उत्तम व्यायाम आहे, कारण आधी बोलणारा खरा वाटतो तो फक्त दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करेपर्यंत, हे नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात लिहिलेच आहे. फार विचार करणाऱ्याने तिसऱ्या कामाचा सराव करावा आणि छोट्या निर्णयांना मुदत घालून घ्यावी. मोठे निर्णय तारखेसह, कारणांसह दोन-चार ओळींत लिहून ठेवून ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पुन्हा वाचले, तर आठवणीला खोटे बोलायला जागा उरत नाही. याकोबाच्या पत्रात, ज्ञानाने उणा असणाऱ्याने ते देवाजवळ मागावे, तो दोष न लावता देतो, असे सांगितले आहे. सकाळच्या प्रार्थनेत ही एक मागणी दिवसाच्या ठळक कामाचे नाव घेऊन करावी.

सही आधीच झाली असेल तर

हे वाचणाऱ्यांपैकी काहींची सही केव्हाच होऊन गेली असेल. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी त्यांच्यासाठीच पाच वचने आहेत : डोळ्याला झोप लागू न देता शेजाऱ्याकडे जा, नमते घे, त्याच्यामागे तगादा लाव आणि पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा स्वतःला सोडव. व्यवहारात याचा अर्थ असा, की उद्याच पतपेढीत जाऊन कर्जखात्याची स्थिती लेखी मागावी, किती हप्ते भरले आणि किती थकले ते पाहावे. एका ठरावीक कर्जाला दिलेला जामीन मनात आले म्हणून एकतर्फी मागे घेता येत नाही. पतपेढीची संमती लागते, आणि ती सहसा दुसरा योग्य जामीनदार दिल्यावरच मिळते. हप्ते थकले असतील तर कर्जदाराला बरोबर घेऊन व्यवस्थापकांना भेटावे आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते का, हे विचारावे. नोटीस आली असेल तर ती उशीखाली न ठेवता तिच्यातील मुदत संपण्याआधी वकिलाला दाखवावी. आणि घरी अजून सांगितले नसेल, तर पतपेढीत जाण्याच्या आधी, कोणाचीही झोप किंवा जेवण मोडणार नाही अशी वेळ पाहून, ते सांगावे.